विचारलं तेवढंच

परदेशात उतरल्यावर काय करावं आणि काय करू नये, हे सांगणारा आळीत एकच अधिकारी माणूस होता: पासपोर्टकाका. कंपनीच्या खर्चानं ते एकदा आठवडाभर परदेशी जाऊन आले होते, आणि त्या आठवड्याच्या जोरावर उरलेली नोकरी आणि अख्खी निवृत्ती मिरवत होते. कुणी बॅग भरायला घेतली की काका दारात हजर. पेन खिशात ठेवा, बुटांना नाड्या नकोत, आणि मुख्य म्हणजे खिडकीतला साहेब विचारेल तेवढंच सांगा!

आता मुलानं त्यांना आणि काकूंना बोलावलं होतं. किती दिवसांसाठी, ते काकांनी विचारलं नाही. पोटच्या पोराला काय तारखा विचारायच्या? त्यांनी आपले सहा महिने धरले, पेपर बंद केला, कुंड्या शेजारी नेऊन दिल्या आणि सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत कोंबल्या. काकूंनी चार साड्या घेतल्या.

"एवढ्यात भागणार आहे का तुझं?"

"भागेल."

"आणि तिथं तोंड उघडू नकोस. विचारलं तेवढंच."

"बरं," काकू म्हणाल्या.

परदेशी विमानतळावर उतरल्यावर खिडकीतल्या साहेबानं विचारलं, किती दिवस राहणार? काकांना तिथली भाषा कामापुरती येत होती. "सहा महिने," ते छाती फुगवून म्हणाले. "मुलगा सोडतच नाही ना!" साहेबानं परतीचं तिकीट मागितलं. ते मुलाकडे होतं. मग साहेबानं मुलालाच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पंधरा दिवस," मुलगा म्हणाला.

"गंमत करतोय," काका हसले. साहेब काही हसला नाही. त्यानं दोघांना बाजूच्या खोलीत नेलं आणि बॅगा उघडायला लावल्या. काकांच्या गोळ्यांनी टेबल भरलं. पंधरा दिवसांसाठी एवढ्या? इथं दवाखाना थाटणार आहात का? तुम्ही आणि मुलगा, दोघांतलं खोटं कोण बोलतंय? मग काकूंची बॅग उघडली. चार साड्या, टॉवेल, आणि पुरचुंडीत बांधलेल्या मोजक्या गोळ्या. साहेबाचा चेहरा निवळला.

"पंधरा दिवस," काका पुटपुटले. "माझीच चूक झाली." हे म्हणताना त्यांना रडू आवरेना. शिक्का बसला.

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"सूनबाई बोलली होती फोनवर. आपण परत गेलो की तिचे आईवडील यायचेत. सहा महिने."

"मग बोलली का नाहीस?"

"कुंड्या द्यायला निघालात तेव्हा किती खुशीत होतात." काकूंनी आपली हलकी बॅग उचलली. "आणि तुम्ही विचारलंत कुठं?"

दारापाशी मुलगा फुलं घेऊन उभा होता. तो वाकून पाया पडला. "बाबा, काही त्रास नाही ना झाला?"

पासपोर्टकाकांनी विचारलं तेवढंच सांगितलं.

"नाही."