खलनायकाची दाढ

दाढेखाली पू होऊन लटारूचा डावा गाल इतका सुजला, की खोटी मिशी एका बाजूने वर चढली. रविवारी गावात नाटक होतं आणि खलनायक लटारू होता. नाटक बसवणारा धनराज म्हणाला, "तोंड नाई उघडलं तं पार्ट इतवारीले देतो. त्याले सारे संवाद पाठ हायेत."

लटारूने पोंभुर्ण्याचा दवाखाना गाठला. डॉक्टर स्वातीताईंनी अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या. "सूज उतरली तरी सोडायच्या नाहीत. पाचही दिवस घ्यायच्या."

सूज दोनच दिवसांत उतरली आणि ते साऱ्या गावाने पाहिलं. नदीतले मासे असोत की जंगलातला मध, घरात आलेलं एकट्याने ठेवायची गावाची रीत नव्हती.

"लटारूभाऊ, माहा गुडघा लय दुखते गा," कलाबाई दारातूनच म्हणाली.

"घे ना बाई."

कुणी कंबरेसाठी कॅप्सूल नेली, कुणी सर्दीसाठी. शेवटी इतवारी आला. "तालीम करून करून घसा बसला गा."

"तू काऊन तालीम करून राह्यला? पार्ट तं माहा हाये."

"असंच, हौस."

लटारूने उरलेली शेवटची त्याला दिली. दुसऱ्या दिवशी गाल पुन्हा फुगला आणि धनराजने पार्ट इतवारीला दिला.

लटारू पुन्हा दवाखान्यात गेला, तेव्हा स्वातीताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे जंतूंवरचं औषध आहे, गुडघ्यावरचं नाही! अर्धवट घेतलं म्हणून तुमचे जंतू पुन्हा वाढले. आणि हे पेनिसिलिनच्याच जातीचं, कुणाला ते सोसत नसलं तर? जा, आधी सगळ्या परत आणा!"

लटारू गाल धरून दारोदार फिरला. कुणी खाल्लीच नव्हती. कलाबाईने तर देवाजवळ ठेवली होती. "आत्ताच कायले खाऊ? नदीले पूर येऊन रस्ता बंद झाला म्हंजे कामी पडते."

खाल्ली होती एकट्या इतवारीने. तो अंगणात अंग खाजवत बसला होता. अंगभर गांधी, ओठ जाड. लटारूनेच त्याला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेलं. इंजेक्शनने जिवावरचं निभावलं, पण खाजेवरच्या गोळ्यांनी अशी झोप यायला लागली, की इतवारी तालमीत उभ्याउभ्याच पेंगायचा. इकडे लटारूची बायको वच्छला नव्या कॅप्सूल समोर उभी राहून गिळवत होती. रविवारी लटारूचं तोंड उघडलं आणि पार्ट त्याला परत मिळाला.

गावाने मात्र याचा आपल्या परीने अर्थ लावला. "पार्टासाठी इतवारीले औषध चारलं गा त्यानं!" लटारू शपथा घेऊन थकला.

नाटकात दुसऱ्या अंकात खलनायक आजारी नायिकेला विष देतो. लटारूने पेला पुढे केला, आवाजात साखर घोळली, "घे पोरी, औषध आहे. बरं वाटेल."

 मंडपात पहिल्या रांगेत पेंगणारा इतवारी ताडकन उठला.

"घेऊ नोको बाई! त्याच्या हातचं काहीच घेऊ नोको!"

त्याच्यामागोमाग सारा मंडप उठला. नायिका घाबरून खरोखरच आत पळाली. विंगेतून धनराज डोळे पुसत पुटपुटला, "एवढा जिवंत खलनायक या मंचावर झाला नाई."