आखूड, मध्यम, लांब

बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हाच हेडक्लार्कने ठरवलं, नव्या ऑफिसात आपल्याला कोणीही 'चांदोबा' म्हणणार नाही. जुन्या ऑफिसात साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव होतं, आणि वरवर हसला तरी ते त्याला लागायचं. म्हणून त्याने केसांचे टोप घेतले, तेही तीन. आखूड, मध्यम आणि लांब. खोट्या केसांचं बिंग फुटतं ते केस वाढत नाहीत म्हणून, असा त्याचा सिद्धान्त होता. महिन्याच्या सुरुवातीला आखूड, मग मध्यम, मग लांब. शेवटी चारचौघांत "फार वाढलेत हो, आज कटिंग केलीच पाहिजे" असं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखूड.

"एक दिवस पकडले जाल," बायको म्हणाली.

"डोकं लागतं अशा कामाला."

"ते आहे की तुमच्याकडे. वर काही नाही, एवढंच."

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी रात्री बायकोने तिन्ही टोप धुऊन वाळत घातले. मंगळवारी हेडक्लार्कला उशीर झाला आणि हाताला लागला तो टोप चढवून तो धावत ऑफिसात पोचला. पाणी घेऊन आलेला शिपाई ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला. शिपायाच्या डोक्यावरही काही उरलं नव्हतं, त्यामुळे लोकांच्या केसांवर त्याचं बारीक लक्ष असे.

"साहेब, कालच तुमची कटिंग झाली होती ना?"

हेडक्लार्कने कानाला हात लावला. कान केसांत बुडाले होते. त्याची पाचावर धारण बसली.

"तेल," तो म्हणाला. "घरचं एक तेल आहे."

"एका रात्रीत एवढे वाढले?"

"काल जरा जास्त पडलं हातून."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी मॅनेजरच्या केबिनमध्ये पोचली. मॅनेजरसाहेब आपले मोजके केस या कानावरून त्या कानापर्यंत नेऊन बसवत. "आम्ही काय परके आहोत का हो?" ते दुखावल्या सुरात म्हणाले. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कने स्वयंपाकाचं तेल बाटल्यांत भरून आणलं. आठवड्याभरात कॅशियरला आरशात लव दिसू लागली. शिपायाच्या डोक्याला खाज सुटली, आणि ती केस फुटायचीच, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

साहेबांना मात्र काही दिसेना. "आमची लावायची पद्धत चुकतेय," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांसमोर लावून दाखवा."

नाही म्हणायची सोय नव्हती. हेडक्लार्कने तळहातावर तेल ओतलं आणि चोळायला सुरुवात केली. टोपाखालच्या चिकटपट्टीला तेल लागलं. टोप सावकाश पुढे सरकला, नाकावर क्षणभर टेकला आणि साहेबांच्या टेबलावर पडला.

आता चांदोबा उगवला, असं मनाशी म्हणत हेडक्लार्कने डोळे मिटले आणि हसण्याची वाट पाहिली. कोणीच हसलं नाही.

"अरे देवा," शिपाई हळूच म्हणाला, "मुळासकट आले."

"मी आठवडाभर लावतोय," साहेब म्हणाले आणि बेसिनकडे पळाले. मागोमाग सगळं ऑफिस पळालं. नळ एकच, त्यामुळे ढकलाढकली झाली. साहेबांनी साबणाने डोकं इतकं खसखसून धुतलं, की कानावरून कानाकडे जाणारे निम्मे केस बेसिनमध्येच राहिले. खरं सांगून टाकावं असं हेडक्लार्कला वाटलं. त्याला लाजही वाटत होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"या वेळचं तेल बिघडलेलं निघालं."

सोमवारी त्याच्या टेबलावर एक खोका होता. सगळ्यांनी वर्गणी काढली होती. "आमच्या हट्टापायी तुमचे केस गेले," साहेब म्हणाले. खोक्यात टोप होता, मध्यम लांबीचा. "रोज घालायचा बरं का. लाजायचं काही कारण नाही."

तेव्हापासून तो रोज तोच टोप घालतो. टोप वाढत नाही, आणि वाढावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. त्याला चांदोबा कोणीच म्हणत नाही. फक्त ऑफिसात कोणी नवीन माणूस आला, की शिपाई त्याला हेडक्लार्कच्या टेबलापाशी घेऊन येतो.

"हा टोप काहीच नाही हो," तो सांगतो. "यांचे खरे केस बघायला हवे होते तुम्ही."

हेडक्लार्क मान खाली घालतो. पण फार खाली नाही, टोप घसरतो.