भानुनानांचं दुसरं कार्ड

भानुनाना कुठलीही वस्तू आधी मागून बघतात. फ्रिज असो, मोटरसायकल असो, नाना तिच्या पाठीमागे जाणार, कमरेवर हात ठेवून उभे राहणार आणि खालपासून वरपर्यंत निरखणार. त्यांचं म्हणणं असं, की समोरून जनावर बी फसवतं अन् माणूस बी, मागून न्हाई फसवता येत.

याला कारण आहे. नानांचा उभा जन्म घोडेगावच्या बैलबाजारात गेला. ते हेडी, म्हणजे गुरांच्या खरेदी-विक्रीतले दलाल. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बाजार सुटला, पण पारख सुटली नाही. ती जे समोर येईल त्याच्यावर चालते. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी चहापोह्यांच्या आधीच "जरा फाटकापातुर जाऊन या" म्हणून चालायला लावलं आणि डाव्या पायात खोड हाय, असं सगळ्यांदेखत जाहीर केलं. बुटात खिळा निघाला. लग्न झालं, पण जावई अजून नानांच्या पुढे चालत नाही.

दुसरं वेड जोडीचं. नाना एकटी वस्तू घेतच नाहीत. छत्र्या दोन, बॅटऱ्या दोन, चष्मे दोन. दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "जोड हाय का?" नानांची बायको, आमच्या काकू, होत्या तोवर त्यांनी हे वेड बऱ्यापैकी आवरून धरलं होतं. त्या गेल्या आणि वर्षाच्या आत घरात दोन मिक्सर आले. स्वयंपाक मात्र एकट्याचाच होतो.

माझं गावात कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकान म्हणजे झेरॉक्स, सातबाऱ्याचे उतारे, परीक्षांचे फॉर्म, आणि वेळ उरला तर कॉम्प्युटर. दिवाळीच्या आधी एका दुपारी नाना आत आले, टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या मागे गेले आणि तिथल्या वायरींच्या जंजाळाकडे बघत म्हणाले, "तोंड हिकडंच हाय की ह्याचं." मागून बघणं बरोबर ठरावं असा हा एकच धंदा असेल, आणि तो नेमका माझा निघाला.

मग त्यांनी मागणी सांगितली. गेम खेळायचा कॉम्प्युटर पाहिजे, ग्राफी कार्डाचा. म्हणजे ग्राफिक्स कार्ड, गेमची चित्रं पडद्यावर पळवणारं. मला हसू आलं. नानांना आलं नाही.

त्यांचा मुलगा सचिन पुण्याला कंपनीत आहे. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी येतो आणि पाडव्याला जेवून निघतो. थांब म्हटलं तर म्हणतो, इथं करू काय, माझा गेमिंगचा कॉम्प्युटर तिकडं आहे. तिकडे तो सुट्टीत दिवसभर कानाला हेडफोन लावून खेळतो, हसतो, ओरडतो. घरी आला की नानांशी बोलणं "जेवलात का" आणि "गोळ्या घेताय ना" एवढ्यावर संपतं. नानांचा हिशोब सरळ होता. जिथं वैरण, तिथं जनावर थांबतं. ह्या दिवाळीला पोरगं भाऊबीजेपर्यंत तरी घरी राहिलं पाहिजे, बाकी त्यांना काही नको होतं.

"चांगलंय नाना, देतो बनवून," मी म्हणालो.

"कार्डं दोन टाक."

इथून आमची जुंपली. मी सांगितलं की हल्लीच्या गेमला एकच दमदार कार्ड लागतं, दुसरं लावलं तर ते नुसतं बसून राहतं, वर तापतं आणि लाईटबिल वाढवतं. नाना म्हणाले, नवी खोंडं एका चालीनं चालत नसतातच, जू मानेवर पडलं की शिकतात. मी म्हणालो, नाना, पूर्वी दोन कार्डांना जोडणारी पट्टी यायची, तिला तुम्ही जू म्हणा हवं तर, पण आता ते जूच बंद झालंय. हे ऐकून नाना गंभीर झाले. कंपनीवाल्यांची त्यांना मनापासून कीव आली असावी.

पण हट्ट सोडला नाही. रोज यायचे, बाकड्यावर बसायचे. एकदा तर भर गिऱ्हाइकांत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि बाजाराच्या रीतीप्रमाणे त्याखाली माझी बोटं दाबून दुसऱ्या कार्डाचा भाव लावला. मला ती भाषा येत नाही. मी आपला हात दिला आणि लाजून उभा राहिलो. फॉर्म भरायला आलेल्या मुली हसून बेजार झाल्या.

शेवटी माझा संयम सुटला. दुकानात कोणी नव्हतं. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "नाना, दुसरं कार्ड काही काम करणार नाही. सांगून सांगून तोंड दुखलं. तुम्हाला ते पाहिजे तरी कशाला?"

नाना दाराबाहेर बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "एक सच्याला." खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "अन् एक मला."

मला आधी कळेना. मग कळलं. नाना समजत होते की एका कार्डावर एकच माणूस खेळू शकतो. जोडी, खोंडं, जू हे सगळं त्यांनी पुढे केलं होतं, कारण सत्तरीच्या माणसाला गेम खेळायचाय हे तोंडानं सांगायची लाज वाटत होती. इतके दिवस मी त्यांना विजेचं बिल समजावून सांगत बसलो होतो.

"नाना, एकाच कार्डावर दोघं खेळतात. हातात धरायचे रिमोट फक्त दोन लागतात."

"आन् मला जमंल का?"

"बसा इथं."

त्या दिवसापासून नाना दुपारी शिकवणीला येऊ लागले. मोटारींच्या शर्यतीचा गेम मी लावून दिला. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी झाडावर घातली, तळ्यात घातली आणि एकदा उलटीही चालवली. दुसऱ्या दिवशी वळणावर बरोबर ब्रेक दाबून मला मागे टाकलं. वळणावर कासरा वढायचा, त्यात काय शिकायचं, म्हणाले. दिवाळी तोंडावर आली तोवर माझा एकदाही पहिला नंबर आला नव्हता. मी एक कार्ड आणि दोन रिमोट घालून कॉम्प्युटर घरपोच केला.

भाऊबीज झाली. त्यानंतर दुकान उघडलं तर सचिन दारात. मला वाटलं पुण्याला निघालाय, जाता जाता भेटायला आला असेल. त्याला रिमोटचे सेल हवे होते.

"दादा, नानांना काही केल्या ब्रेकच सापडत नाही," तो हसत सांगू लागला. "प्रत्येक वळणावर झाडात जातात. मग मी त्यांचा अंगठा धरून दाखवतो, तेव्हा कुठं जरा जमतं, की परत झाडात. काल हसून हसून दोघांच्या पोटात दुखायला लागलं. ऑफिसला कळवलंय, हा आठवडा इथूनच काम करतो. एवढं शिकवूनच जाईन म्हणतो."

मी पाठ फिरवून कपाटात सेल शोधू लागलो, कारण माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं. सेल दिले आणि म्हणालो, "घाई करू नकोस, सचिन. ह्या वयात शिकायला वेळ लागतो."