शेवट वाचकावर सोडलेलं पुस्तक

निरीक्षकांच्या घरी कलिंगड वजनावर वाटलं जायचं. प्रत्येक फोड आधी काट्यावर चढायची आणि मगच ताटलीत उतरायची. ते वजनमापे खात्यात होते. बावीस वर्षं दुकानादुकानांतून खोट्या बुडाची मापं पकडत हिंडल्यामुळे घरी आल्यावरही त्यांचे हात शिवशिवत. बायकोनं लग्नानंतर पहिल्या वर्षी विरोध केला, दुसऱ्या वर्षी आईला फोन केला आणि तिसऱ्या वर्षापासून ती कलिंगड बाहेरच खाऊन येऊ लागली.

या शिस्तीचं श्रेय निरीक्षक एका पुस्तकाला देत. बायको त्याच पुस्तकाच्या माथी खापर फोडायची. ‘अकरा खलाशी, एक पिंप’ हे ते पुस्तक त्यांनी नवव्या वर्षी वाचलं होतं. जहाज बुडतं, होडीत अकरा खलाशी, एक कप्तान आणि गोड्या पाण्याचं एक पिंप उरतं. कप्तान रोज प्रत्येकाला एक ओगराळं पाणी मोजून देतो, ना थेंब कमी, ना थेंब जास्त. “मी आज जो काही आहे, तो त्या कप्तानामुळे,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यामुळे येणारे कमी झाले होते आणि जाणारे घाईनं जात होते.

आता प्रश्न दहा वर्षांच्या पिंगीचा होता. आपल्या लेकीनं ते पुस्तक वाचावं आणि एक दिवस मान वर करून म्हणावं, ‘बाबा, हा कप्तान म्हणजे तुम्हीच!’ एवढीच त्यांची इच्छा होती. पण मान वर करायला ती आधी मोबाइलमधून निघायला हवी होती.

“तुझ्या वयात मी...”

“पुस्तक वाचून घडलात. माहितीये, बाबा.”

“मग तूही घड.”

“उद्या घडले तर चालेल?”

उद्या उजाडला. निरीक्षकांनी माळ्यावरून आपली जुनी प्रत काढली, तिच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली आणि पिंगीच्या हातात दिली. चार दिवस पिंगीनं ती उशाला घेतली. पाचव्या दिवशी, रविवारी, तिच्या खोलीतून काहीच आवाज येईना म्हणून त्यांनी डोकावून पाहिलं, तर पोरगी पालथी पडून वाचत होती.

“लागली गोडी!” ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

“बॅटरी संपली असेल,” बायको म्हणाली. ते खरंच होतं, पण अशा थोर प्रसंगी असल्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतो?

दुपारी पिंगी पुस्तक घेऊन बाहेर आली. “बाबा, शेवटची पानं कुठायत?”

“कसली शेवटची पानं?”

“हे बघा ना. ‘कप्तानानं पिंपाचं झाकण उघडलं आणि’. पुढे काहीच नाही.”

“तोच तर शेवट आहे! लेखकानं शेवट वाचकावर सोडलाय. मोठे लेखक असंच करतात.”

“पूर्णविरामसुद्धा वाचकावर सोडलाय?”

“पूर्णविराम म्हणजे बंधन, पिंगी. मोठी झालीस की कळेल.”

हे मत त्यांचं आजकालचं नव्हतं. छत्तीस वर्षं जुनं होतं. खात्याच्या वार्षिक अंकात त्यांनी त्यावर तीन पानी लेखही लिहिला होता, आणि तो वाचून कुणीही हरकत घेतली नव्हती. कारण तो कुणी वाचला नव्हता.

पिंगीला मात्र बंधनच हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या ग्रंथपाल बाईंना गाठलं. मुलं ग्रंथालयात फक्त पंख्याखाली उभी राहायला येत असल्यानं बाईंना वेळच वेळ होता. त्यांनी तीन कपाटं उपसून अख्खी प्रत शोधून काढली. पिंगीनं ती उभ्याउभ्याच संपवली. शेवटी काय झालं ते तिनं घरी कुणाला सांगितलं नाही आणि शाळेत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. आठवडाभरात ग्रंथालयासमोर रांग लागली. पंखा बंद असतानाही.

“हे पुस्तक तुला सुचवलं कुणी गं?” बाईंनी विचारलं.

“माझ्या बाबांचं आवडतं आहे,” पिंगी बोलून गेली, आणि तिथंच फसली. बाईंनी मुख्याध्यापिकांना सांगितलं आणि मुख्याध्यापिकांनी निरीक्षकांना पत्र धाडलं: शुक्रवारी ‘मला घडवणारं पुस्तक’ या विषयावर मुलांशी बोलावं.

निरीक्षकांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली, दोनदा.

“बाबा, दुसऱ्या पुस्तकावर बोला ना,” पिंगी म्हणाली.

“दुसरं कुठलं?” निरीक्षकांनी विचारलं. दुसरं त्यांनी वाचलंच नव्हतं.

“मग निदान शेवटाबद्दल नका बोलू.”

“अगं, शेवट म्हणजे तर भाषणाचा कळस!”

शुक्रवारी कळस चाळीस मिनिटांनी आला. “मुलांनो,” निरीक्षक म्हणाले, “झाकण उघडल्यावर काय झालं ते लेखक सांगत नाही. पण मी सांगतो. तो कप्तान तहानेनं मेला असेल, पण मापात खोट त्यानं केली नाही!”

पुढच्या रांगेतल्या एका चिमुकल्या मुलीनं हात वर केला. शेजारणीनं तो खाली ओढला. एका मुलाला ठसका लागला म्हणून त्याला बाहेर नेलं. दोन शिक्षिका तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. इतके हळवे श्रोते निरीक्षकांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

“या पुस्तकावरचं तुमचं प्रेम बघून वाटलं, ही प्रत तुमच्याकडेच असावी,” निघताना ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि त्यांनी अख्खी प्रत त्यांच्या हातात ठेवली. निरीक्षकांनी ती सवयीनं हातात तोलली. जड लागली. शेवटच्या पानाचा आकडा पाहिला, तर त्यांच्या प्रतीपेक्षा सोळा पानं जास्त होती. ते मैदानाकडेच्या बाकावर बसले.

कप्तानानं पिंपाचं झाकण उघडलं आणि पिंप कोरडं निघालं. खलाशांनी ओगराळं हिसकावून उलटंपालटं केलं. त्याला खोटं बूड होतं. खलाशांना अर्धं पाणी मिळत होतं, उरलेलं कप्तान पीत होता. मग एक जहाज आलं, सगळे वाचले आणि कप्तानाला बेड्या पडल्या. असलंच बूड निरीक्षकांनी मागच्या महिन्यात एका तेलाच्या दुकानात पकडलं होतं, आणि त्या दुकानदारालाही त्यांनी कप्तानाचीच गोष्ट ऐकवली होती.

त्यांना खरंच रडू आलं. छत्तीस वर्षं ज्याच्यासारखं व्हायची धडपड केली, तो हा!

शाळा सुटली. पिंगी दप्तर घेऊन आली, त्यांच्या हातातलं पुस्तक पाहून थबकली आणि शेजारी बसली.

“वाचलंत?”

“हं.”

“सगळं?”

“तुला ठाऊक होतं?”

“सगळ्या शाळेला ठाऊक आहे.”

“मग मघाशी कुणी बोललं कसं नाही?”

“मी वर्गावर्गात जाऊन शपथ घातली होती. म्हटलं, माझ्या बाबांनी शेवट वाचलेला नाही, त्यांना कुणी सांगायचं नाही.” तिनं त्यांच्या हातातून पुस्तक हलकेच काढून घेतलं आणि आपल्या दप्तरात टाकलं. “असलं एकदम वाचलं ना, की मनावर परिणाम होतो. तुम्हाला मी दुसरं आणून देते, बाबा. सोपं. चित्रांचं.”