कडेवरची बॅटरी

"बॅटरी निवडायला डोकं लागतं काका, दंड नाही!" थोरलीनं दुकानातच ठणकावलं.

बाबांच्या पश्चात त्यांची विजेवर चालणारी छोटी बोट तळ्याकाठी पडून होती. कुणी चार्जच केल्या नाहीत, म्हणून तिच्या दोन्ही शिशाच्या बॅटऱ्याही मेल्या होत्या. काकांनी गिऱ्हाईक आणलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "रविवारी चालली तर ठेवू. नाही तर देऊन टाका." बोट जाऊ द्यायची नाही, हे थोरलीनं तिथल्या तिथे ठरवलं.

"शिशाचीच घे," काका म्हणाले. "दादानं जन्मभर तीच वापरली."

"आणि जन्मभर कंबर धरून चालले!"

दुकानदारानं घसा खाकरला. "ताई, शिशाची स्वस्त, पण धोंड्यासारखी जड. लिथियम महाग, पण टिकाऊ. आणि हलकी किती! दोघींचं काम ही एकटी करेल. कडेवर घेऊन जा!"

थोरलीनं ती खरंच कडेवर घेतली.

रविवारी आई काठावर खुर्ची टाकून बसली, परीक्षकासारखी. बाबा गेल्यापासून ती दोन घासांवर उठायची. आता खुर्चीत निम्मी जागा उरत होती. थोरलीनं बॅटरी बाबांच्या पद्धतीनं बोटीच्या पुढच्या टोकाला पट्ट्यानं आवळली, स्वतः मागे मोटरपाशी बसली आणि बटण दाबलं.

बोट चालली! पण तिचं नाक लागलं वर उठायला. मागे काडीसारखे बाबा, पुढे शिशाचे दोन धोंडे, असा तो जुना तोल. आता पुढे कडेवरचं बाळ आणि मागे बाबांच्या दीडपट थोरली! तिला समोर नुसतं आभाळ दिसू लागलं.

काठावर काका दोन्ही हात वरखाली करून "हळू! हळू!" सांगत होते. थोरलीला वाटलं, आली शुद्धीवर स्वारी, कौतुक करताहेत! तिनंही हात हलवला आणि वेग वाढवला. नाक आणखी चढलं, मागून पाणी आत आलं, वाऱ्यानं बोटीला भोवऱ्यासारखं गरगर फिरवलं आणि आणून आदळलं ते थेट आईच्या पायांपुढच्या चिखलात.

"चालली!" निथळत थोरली म्हणाली.

"बसली!" काका म्हणाले. "वहिनी, कळवू गिऱ्हाइकाला?"

"पुढे वजन हवंय, एवढंच! दगड ठेवते ना!"

आईनं चपला काढल्या, पदर खोचला आणि बोटीत पाय टाकला.

"आई, तू? तू तर कधीच बसली नाहीस!"

"बसणार कुठे? पुढची जागा भरलेली असायची."

काकांनी ढकललं. या खेपेला थोरलीला पलीकडचा काठ दिसला, आणि त्याच्या अलीकडे आईची ताठ पाठ.

मग आई फणकारली, "इतकी वर्षं माझ्या जागेवर धोंडे बसवले होते यांनी!"

"वहिनी, नाक अजून वरच आहे!" काका काठावरून ओरडले. "वजन कमी पडतंय!"

घरी आल्यावर आईनं ताटातलं सगळं संपवलं आणि ताट पुन्हा थोरलीपुढे धरलं.

"वाढ," ती म्हणाली. "बोटीसाठी."

काकांनी लगबगीनं आपलंही ताट पुढे केलं.

"तुम्ही काठावरच असता, भावजी!"