बाबांच्या पेटीची सभ्य घासाघीस

"बाबा, तुमची बाजाची पेटी विकायची का?"

हे विचारून दाखव, अशी पैज गोपिका आणि प्रेमलतेने चारुशीलेशी लावली ती शाळेच्या दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत. दमणी भर रस्त्यात उभी होती, कारण बैल बसला होता. तो रोजच बसायचा! चारुशीलेला सायकल हवी होती, आणि सायकलीला पैसे.

तिचे बाबा, श्रीधरपंत, रोज पहाटे पेटी वाजवत. म्हशीला दमा झाला तर ती असंच गाईल! पेटीचं नाव काढताच ते भडकतील, असं मैत्रिणींना वाटलं होतं. पण ते म्हणाले, "वीक! मी आता सतार शिकणार. पेटीचे पैसे तुझ्या सायकलीला. मात्र घासाघीस सभ्यपणे करायची. घरी आलेलं माणूस दुखवायचं नाही."

"पंचवीस रुपयांच्या खाली उतरले, तर नावाची चारुशीला नाही!"

रविवारी काटोलच्या प्रयागबाई आल्या. त्यांना भजनी मंडळासाठी पेटी हवी होती.

"पंधरा घे वं पोरी. भाता फाटून राहिला."

"आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण..."

"बरोबर हाय ना? मंग पंधरा!"

चारुशीलेचा 'पण' तोंडातच राहिला. तेवढ्यात श्रीधरपंत बाहेर आले. "आधी सूर तर ऐका!" म्हणत त्यांनी पेटी पुढ्यात ओढली. शेजारचं कुत्रं रडू लागलं!

"बारा!" प्रयागबाईंनी पदराने कान झाकले.

"अजून एक ऐकवू?"

"दहा! अन् आता बंद करा, भाऊ!"

चारुशीलेच्या डोळ्यांसमोर सायकलीचं मागचं चाक गळून पडलं. आता गोडीगुलाबीने घ्यावं म्हणून ती लाडात म्हणाली, "मावशी, चहा घ्या ना. तुमचं माहेर कुठलं?"

"कुही."

आत कपबशी खणकन आपटली. आई धावतच बाहेर आली. "कुही? कोणाच्या वं तुम्ही?"

"नत्थूजी पाटलाची लेक."

"अगंबाई! तुमच्या विहिरीवर तर आम्ही पाणी भरायचो!"

दोघी गळ्यात गळे घालून रडल्या. मग आईने डोळे पुसले. "माहेरच्या माणसाकडून पैसे? तशीच न्या पेटी!"

"फुकट काहून नेऊ वं माय? दहा घ्या."

"पाच!"

"पंधरा!"

"दोन!"

"पंचवीस! आता बोला!"

"मावशी, आपलं अगदी बरोबर आहे!" चारुशीला आनंदाने ओरडली.

आईने तिच्याकडे असं पाहिलं, की दूध नासावं! मग ती आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि प्रयागबाईंची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ आणि वर मांडीवर ती अख्खी पेटी!

"ओटीतल्या वस्तूचे पैसे देतं का कोणी?"

प्रयागबाईंनी पेटीसकट ओटी सावरली. पेटी टांग्यातून निघाली. श्रीधरपंत कौतुकाने म्हणाले, "पाहिलंस? कोणीही दुखावलं नाही!"

चारुशीला कमरेवर हात ठेवून दोघांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलं! पुढच्या रविवारी मी भिंतीवरचं घड्याळ विकणार. आणि त्या दिवशी तुम्ही दोघं सकाळपासून महाराजबागेत जाऊन बसायचं!"