नियमावलीबाहेरचा स्वार

ग्रॅहम टॅन्सलीने सात वर्षं खपून उभी केलेली महायुद्धातली लष्करी बीएसए मोटरसायकल लिंकनशायरमधल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेच्या मैदानात लागली आणि दहाच मिनिटांत तिच्याखाली तेलाचं थारोळं साचलं. "गळतंय म्हणजे आत तेल आहे," असं म्हणत ग्रॅहमने खाली ट्रे सरकवला. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्याचे वडील विल्फ्रेड बसले होते. वय अठ्ठ्याण्णव. चव्वेचाळीस साली नॉर्मंडीत ते असल्याच गाडीवरून लष्कराचे निरोप पोचवायचे.

एरवी विल्फ्रेड युद्धाबद्दल अवाक्षर काढत नसत. पण या उन्हाळ्यात आपणहून म्हणाले होते, "मला सिरिलबद्दल सांगायचंय. एकदाच, पण चार माणसांसमोर." सिरिल त्यांचा युद्धातला जोडीदार. तो परत आला नाही, एवढंच घरच्यांना ठाऊक. ग्रॅहमने शब्द दिला, "परीक्षक आले की बोला की बाबा! खराखुरा स्वार सोबत असल्यावर कप जातोय कुठे?"

परीक्षक हार्कर आले. अंगात कडक इस्त्रीचा सार्जंटचा गणवेश, बगलेत नियमावली. जन्मभर माणसाने गालिचे विकलेले, पण चाल अशी की हिटलरला यांनीच हाकललं.

"मागे हा पत्र्याचा डबा कसला बांधलाय?"

"चहाचा!" विल्फ्रेड खुलले. "मीच बांधायला लावला. सिरिल त्यात पाणी उकळायचा. त्या दिवशी पण सकाळी..."

"नियमावलीत डबा नाही. पाच गुण वजा."

"अहो, आम्ही सगळेच बांधायचो!"

"आजोबा, तुम्ही म्हणता ते धरू की छापलंय ते धरू?"

ग्रॅहमने मुकाट्याने डबा सोडला.

"रंग मात्र झकास," हार्कर वाकून म्हणाले.

"कसला झकास! आमच्या गाड्या एवढ्या चकचकीत कुठल्या? हाताला येईल तो रंग फासायचो. सिरिलच्या टाकीची एक बाजू तर चक्क हिरवी होती, कारण आदल्या रात्री..."

"हिरवी? नॉर्मंडीत?" हार्करांनी भराभर पानं उलटली. "शक्यच नाही. गाडीच्या मालकाचंही हेच मत असेल, तर मला आणखी तीन गुण..."

"छे, छे! माझं नाही हो!" ग्रॅहम मध्ये पडला. "बाबांचं वय झालंय साहेब. गोंधळतात जरा."

सकाळची गोळी घेतली की नाही हे विल्फ्रेडना आठवत नसे, हे खरं. पण सिरिलची ती टाकी त्यांनी स्वतः रंगवली होती. त्यांना फार लागलं ते.

कप ग्रॅहमलाच मिळाला. आता फोटो. फोटोवाला डोळा बारीक करून ओरडला, "ओ, त्या आजोबांना बाजूला घ्या! निळं स्वेटर त्या काळाशी जुळत नाही."

मग गाडीवर कायरन बसला. मोबाइलच्या दुकानातला पोरगा, पण चामडी कोट, हेल्मेट, सगळं अस्सल. त्याच्या बायकोने पावडरीच्या ब्रशने त्याच्या गालांवर चिखलही लावला. ग्रॅहमने वडिलांची खुर्ची ढकलत बटाट्याच्या चिप्स तळणाऱ्या गाडीमागे नेली. "दोनच मिनिटं हं बाबा. मग सगळे तुमचंच ऐकणार."

तेवढ्यात हार्करांनी भोंग्यावरून आवाज दिला, "आपल्या शूर स्वारांसाठी दोन मिनिटं शांतता!"

चारशे माणसं टोप्या काढून उभी राहिली. चिप्सवाल्याने झारा खाली ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. विल्फ्रेडना वाटलं, आली आपली वेळ. खुर्चीचे हात धरून ते उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"त्याचं नाव सिरिल पेटिट. त्या दिवशी पाळी माझी होती. मला ताप होता म्हणून तो..."

"शूऽऽ!" चहूबाजूंनी आलं. कायरनने तर गाडीवरून डोळे वटारले.

ग्रॅहम कप काखेत मारून धावत आला. त्याने वडिलांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि दात आवळून कुजबुजला, "बाबा, गप्प बसा हो! लाज आणाल! लोक गेलेल्यांची आठवण काढतायत इथे."